जॉबसीकरचे (ऑस्ट्रेलियातला बेकारी भत्ता) तीन डिमेरिट (अटी चुकल्याच्या नोंदी) झाले, कॅपेबिलिटी इंटरव्ह्यूला बोलावलंय, नक्की काय विचारतात?

टार्नीटची_वहिनी
नमस्कार मंडळी, मेलबर्नकडच्या कोणाला याची माहिती असेल तर प्लीज सांगा. माझा धाकटा दीर सध्या आमच्याकडेच असतो. पीआरनंतरची (कायम राहण्याचा परवाना मिळाल्यानंतरची) चार वर्षं भरलेली होती म्हणून नोकरी गेल्यावर जॉबसीकर मिळायला लागलं, त्यातच घटस्फोट झाला, ते सगळं सांगत बसत नाही. वर्कफोर्स ऑस्ट्रेलियाच्या (सरकारी रोजगार सेवा) एका प्रोव्हायडरकडे (नोकरी शोधायला मदत करणारी संस्था) नाव लागलंय. आता तीन डिमेरिट झालेत, एकदा फोनवरची अपॉइंटमेंट उचलली नाही, एकदा नोकरी शोधल्याचे महिन्याचे १०० पॉइंट भरले नाहीत आणि तिसऱ्यांदा काय झालं ते तो सांगतच नाही. ह्यांचं म्हणणं "आळशी झालाय, पैसे बंद झाले की येईल ताळ्यावर". मला नाही तसं वाटत, रात्री दोनलाही खोलीत दिवा चालू असतो आणि सकाळी फोन उशीखाली वाजत असतो, हा नुसता त्याच्याकडे बघत पडलेला. हा इंटरव्ह्यू म्हणजे शिक्षा असते का? मी बरोबर गेले तर चालेल का?

डँडेनाँग_दादा
वहिनी, घाबरू नका. मी बरीच वर्षं एका प्रोव्हायडरकडे काम केलंय (आता सोडलं, सुटलो). २०१८ च्या जुलैपासून हिरवा झोन (एकही डिमेरिट नाही), वॉर्निंग झोन (डिमेरिट झालेत) आणि पेनल्टी झोन (पैसे कापतात) अशी पद्धत आहे. सहा महिन्यांत तीन डिमेरिट झाले की हा कॅपेबिलिटी इंटरव्ह्यू, म्हणजे प्रोव्हायडरनेच बसून बघायचं असतं की ह्या माणसाला दिलेला जॉब प्लॅन (काय काय करायचं त्याची यादी) त्याला झेपणारा आहे का. झेपत नाही असं निघालं तर डिमेरिट पुसून शून्यावर येतात आणि प्लॅन बदलावा लागतो. झेपतोय असं ठरलं तर डिमेरिट तसेच, आणि अजून दोन झाले की पुढचं असेसमेंट सेंटरलिंक (भत्ता देणारं सरकारी खातं) करतं. तिथेही "करू शकतो" निघालं की पेनल्टी झोन, म्हणजे पुढच्या चुकीला एक आठवड्याचे पैसे जातात, नंतरच्या चुकीला दोन आठवड्यांचे, आणि त्यानंतर पेमेंट कॅन्सल, वर चार आठवडे परत अर्ज नाही. कागदावर तरी असं आहे.

आता खरं काय होतं ते सांगतो. समोर बसलेल्याला विचारलं का नाही आलास, तर दहातले आठ जण म्हणणार "विसरलो". आणि "विसरलो" हे कारण म्हणून सहसा धरत नाहीत. थोडं खोदलं की कळतं रात्री वेअरहाउसमध्ये कॅज्युअल शिफ्ट होती (अहो, पगारी काम चालू होतं हे तर सगळ्यात चांगलं कारण, पण सांगायचं कोणी?), किंवा फोनला क्रेडिट नव्हतं, किंवा घर सोडावं लागलं, किंवा बायको-मुलांच्या कोर्टाच्या तारखा. आणि आपल्या लोकांचं तर विशेष, डोकं ठिकाणावर नाही हे मरेपर्यंत बोलणार नाहीत. समोरची पोरगी कॉम्प्युटरवर टाइप करते "नो व्हॅलिड रीझन", पुढचा केस. तिलाही दिवसभर रांग असते.

तुमच्या दिराला एवढंच सांगा, त्या दिवशी जे खरं झालं ते बोल. झोप नाही, फोन वाजला की छातीत धडधडतं, जे असेल ते. लाजायचं नाही.

स्पष्टवक्ता_सिडनी
मी थोडं कडू बोलतो, राग मानू नका. आम्ही टॅक्स भरतो. महिन्याला १०० पॉइंट, एका अर्जाचे ५, घरबसल्या फोनवरून अर्ज टाकता येतात. इतकंही होत नसेल तर मग काय. भारतात कोण देतं असं.

पॅरामाटा_काकू
@स्पष्टवक्ता, बाळा, अर्ज टाकता येतात हे खरं, पण उशीखालचा फोन ज्याला उचलवत नाही तो अर्ज कुठून टाकणार? "करत नाही" आणि "करवत नाही" हे वेगळं काढायलाच तर हे असेसमेंट ठेवलंय.

मी एका वेल्फेअर राइट्स सेंटरमध्ये (भत्त्यांच्या अडचणीत मदत करणारी संस्था) व्हॉलंटियर आहे. २०१८ च्या आधी कॉम्प्रिहेन्सिव्ह कम्प्लायन्स असेसमेंट असायचं, ते सेंटरलिंकचा माणूस करायचा आणि दंड लागला तर आठ आठवड्यांचे पैसे. आता पहिली चौकशी प्रोव्हायडरकडे, म्हणजे ज्याने डिमेरिट दिला त्यानेच विचारायचं की का चुकलं. मला हे मुळातच पटत नाही. आणि पैसे रोखायचा होल्ड तर कॉम्प्युटरच लावतो. २०२५ मध्ये ओम्बड्समनने (सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) रिपोर्ट काढला, कायद्याने माणसाने विचार करून ठरवायला हवं होतं तिथे सिस्टीमने आपोआप ९६४ जणांचे पेमेंट कॅन्सल केले होते, २०२२ ते २०२४ दरम्यान. रोबोडेटचं (कॉम्प्युटरने भत्तेवाल्यांवर खोटी देणी काढली होती ते प्रकरण) एवढं रामायण होऊन गेल्यावर! तेव्हा सिस्टीमने सांगितलं म्हणजे बरोबरच असेल असं कोणी धरून चालू नये.

वहिनी, तुम्ही बरोबर जा, दिराने हो म्हटलं की झालं. दुभाषा हवा असेल तर टीआयएसचा (सरकारी दुभाषा सेवा) फुकट मिळतो, आधी मागून ठेवा. आणि मुद्दा लक्षात ठेवा, नाव नोंदवताना जे प्रश्न विचारतात (जेएससीआय म्हणतात त्याला) त्यात त्याने सगळं "ठीक आहे, ठीक आहे" सांगितलं असणार. परिस्थिती बदलली म्हणून ते परत करून मागा, आणि एम्प्लॉयमेंट सर्व्हिसेस असेसमेंटही मागा. तब्येतीमुळे आठवड्याला किती तास काम झेपेल ते तिथे ठरतं, मग जबाबदाऱ्याही त्या हिशोबाने कमी होतात.

टार्नीटची_वहिनी
खूप खूप आभार काकू, दादा. काल जेवताना हळूच विषय काढला. तिसऱ्या डिमेरिटच्या दिवशी तो प्रोव्हायडरच्या ऑफिसपर्यंत गेला होता म्हणे, कारपार्कमध्ये गाडीत बसून राहिला आणि परत आला. आत जावंच वाटेना. आता हे तिथे कसं सांगायचं, हसतील ना? आणि मानसिक डॉक्टर म्हटलं की उठूनच जातो.

डँडेनाँग_दादा
नाही हसणार, हेच सांगायचं, कारपार्कसकट. जमल्यास अपॉइंटमेंटच्या आधी चार ओळींचा ईमेल टाकून ठेवा म्हणजे तारखेसकट रेकॉर्ड राहतं, नंतर कोणी "आम्हाला बोललाच नाहीत" म्हणू शकत नाही. यापुढेही जमणार नसेल तर वेळेच्या आधी कळवायचं, आधी कळवणं आणि नंतर कारण देणं यात फार फरक पडतो.

पॅरामाटा_काकू
मानसिक वगैरे शब्दच काढू नका. "झोप लागत नाही, जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवून येऊ" म्हणा. तिथे जीपीला कारपार्कचं तुम्ही सांगा. जीपी मेंटल हेल्थ प्लॅन करून देतात, वर्षाला दहा सेशनपर्यंत मेडिकेअरचं (सरकारी आरोग्य विमा) रिबेट मिळतं. काम झेपण्यासारखी अवस्थाच नसेल तर सेंटरलिंकच्या फॉर्मवर मेडिकल सर्टिफिकेट मागा, मंजूर झालं की तेवढे दिवस जॉब सर्च, अपॉइंटमेंट यातून सूट. फक्त ते सर्टिफिकेट सेंटरलिंकला अपलोड करायचं, मायगव्ह या सरकारी वेबसाइटवरून, नुसतं प्रोव्हायडरला दिलं तर सूट लागत नाही आणि मधल्या मधे चौथा डिमेरिट पडतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं नेमकं तिथेच अडलेलं असतं.