पॅटिओसाठी नॅचरल गॅस ग्रिल: कुठला घ्यावा? (बजेट ८०० डॉलर, खरंच)

गवती_चहा
नमस्कार मंडळी. गेल्या फॉलमध्ये सेंट्रल न्यू जर्सीत घर घेतलं. पॅटिओच्या (घरामागच्या फरसबंद जागेच्या) भिंतीतून गॅसचा पाइप बाहेर आलाय, तोंडाला टोपण बसवलेलं. आधीच्या मालकांचा ग्रिल त्यावर चालायचा म्हणे. आमची स्वयंपाकघरातली शेगडी मात्र विजेची, काचेची. त्यामुळे घर घेतल्यापासून भरीत ओव्हनमधल्या वांग्याचं. मे महिन्यात साताऱ्याहून सासूबाई येतायत सहा महिन्यांसाठी, आणि त्या ओव्हनमधल्या वांग्याला 'उकडलेलं' म्हणतात. खाणारे आम्ही पाच, मोठ्या पार्ट्या नाहीत. वांगी, कणसं, पनीर, कधी चिकन. बजेट सगळं धरून ८००. काय घेऊ?

जुना_जर्सीकर
वेबर कंपनीचा जेनेसिस ग्रिल. विषय संपला. आमचा १४ वर्षांचा आहे, बर्फात झाकण उघडं राहिलं तरी काही झालं नाही. नवीन हजाराच्या वर जातो, पण बजेट थोडं वाढवा. अशी वस्तू एकदाच घ्यायची असते.

उगाच_एक
तो ग्रिल की ती ग्रिल? आमच्या घरी 'ती' म्हणतात.

निखारा
गॅसवर भाजायचं असेल तर घरातच भाजा की! कोळशाचा साधा गोल ग्रिल घ्या, दीड-दोनशेत काम होतं. वांग्याला जो वास येतो तो कोळशाचाच. मी दर शनिवारी सुरमई करतो, शेजारचा गोरा माणूस कुंपणावर येऊन उभा राहतो.

गवती_चहा
@निखारा, पाइप आहे म्हणूनच गॅस. आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून येऊन कोळसे कोण पेटवणार?

निखारा
कोळसे पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात (चिमणीत) घातले की वीस मिनिटांत पेटतात. इच्छा पाहिजे.

पाना_पक्कड
ग्रिलचं नंतर बघा, आधी पाइपाचं बघा.

टोपण आहे म्हणजे आत गॅस असेलच असं नाही. पुष्कळदा तळघरात वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद करून ठेवलेला असतो. लायसन्सवाला प्लंबर बोलवा, दाब तपासून घ्या, टाउनचं पर्मिट लागतं का विचारा. बाहेर बॉल व्हॉल्व्ह आणि क्विक डिस्कनेक्ट लावून घ्या, म्हणजे थंडीत ग्रिल सोडवून गराजमध्ये नेता येतो. नवीन पाइप जमिनीखालून न्यायची वेळ आली तर खणण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या पाइप-तारांच्या खुणा करून देणारा नंबर) फोन करायचा, ते विसरू नका.

मग गॅसच्या मीटरवरचा आकडा बघा. २५० असेल तर ढोबळमानाने तासाला अडीच लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). घर तापवणाऱ्या फर्नेसचे लाखभर, पाणी तापवायचे चाळीस हजार धरा. तुमची शेगडी विजेची, म्हणजे चाळीस हजारांच्या ग्रिलला जागा आहे. पण लांबचा पाइप अर्ध्या इंची असला तर शेवटपर्यंत गॅस पुरत नाही आणि लोक उगाच ग्रिलला नावं ठेवतात.

बीटीयूच्या जाहिरातीला भुलू नका. झाकण जड आणि घट्ट बसणारं असेल तर ३० हजारांतही वांगं मस्त भाजतं. पातळ पत्र्याच्या डब्यातून ५० हजारांची उष्णता आकाशात जाते.

मोहरी
+१. आणि कृपा करून प्रोपेनचा (टाकीतल्या गॅसचा) ग्रिल घेऊन 'नंतर बदलू' म्हणू नका. आम्ही सेलमध्ये घेतला. नवऱ्याने व्हिडिओ बघून बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटची भोकं ड्रिलने मोठी केली. ज्योत पिवळी, झाकणाला आतून काजळी आणि पनीरला रॉकेलची चव. तो ग्रिल आता मिरचीच्या रोपांचा स्टँड आहे.

पाना_पक्कड
@मोहरी, भोकं मोठी करावी लागतात हे बरोबर, पण ड्रिलने नाही हो! तेवढ्याच घनफुटात प्रोपेनमध्ये अडीचपट ऊर्जा असते, म्हणून त्याचं जेट बारीक आणि दाबही जास्त. रेग्युलेटरसुद्धा वेगळा. काही कंपन्या स्वतःचा किट देतात, वेबर तर बदलूच देत नाही. आणि उलटं कधी करू नका, नॅचरल गॅसच्या ग्रिलला प्रोपेनची टाकी लावली तर भुवया जातात. मॉडेलच्या नावात 'एनजी' (नॅचरल गॅस) आहे ना, एवढं बघून घ्या.

जुना_जर्सीकर
म्हणूनच म्हटलं, वेबर.

सिंहगड_रोड
आमच्याकडे पुण्यात पाइपाचा गॅस आलाय. सातव्या मजल्यावर बाल्कनी आहे. तिथे असा ग्रिल बसवता येईल का?

उगाच_एक
सोसायटीच्या ग्रुपवर विचारा आणि उत्तरं इथे टाका, आमचीही करमणूक होईल.

पाना_पक्कड
@सिंहगड_रोड, नको. अमेरिकेतसुद्धा अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. आणि गॅस कंपनीच्या पाइपाला स्वतः हात लावू नका. गच्चीवर शेगडी पेटवा, लोकही जमतील.

बे_एरियातली_बे
आमच्या अंगणात बांधीव किचन आहे, ग्रॅनाइटचा ओटा, सहा बर्नर, मांस भाजायला वेगळा इन्फ्रारेड बर्नर. सगळं मिळून एका सेकंडहँड गाडीएवढं झालं, पण घराची किंमत वाढते ना. स्टेनलेस घेताना चुंबक न्या. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, स्वस्तातल्या ४३०ला चिकटतं आणि तो लवकर गंजतो.

गवती_चहा
८०० लिहिलं होतं मी. आठशे.

चुंबकाची युक्ती मात्र आवडली. प्रोपेन स्वस्त पडेल का? टाकीचं काय गणित?

मोहरी
२० पौंडी टाकी सगळे बर्नर फुल ठेवून जेमतेम बारा तास. अदलाबदलीच्या टाकीत तर बहुधा १५ पौंडच भरलेले असतात. आणि ती नेहमी पाहुणे आल्यावरच संपते. वरून कडाक्याच्या थंडीत दाब पडतो. पाइप आहे तर पाइपच वापरा.

निखारा
कोळसा कुठल्याही थंडीत पेटतो.

गवती_चहा
अपडेट. प्लंबर येऊन गेला. तळघरात व्हॉल्व्ह बंद होता, पाइप पाऊण इंची निघाला. नवा व्हॉल्व्ह, क्विक डिस्कनेक्ट, टेस्ट आणि पर्मिट मिळून ३१० डॉलर. म्हणजे ग्रिलला ४९० उरले. चार घरं सोडून एक आजी-आजोबा घर विकून फ्लोरिडाला चाललेत. त्यांचा नॅचरल गॅसचाच दोन बर्नरचा जुना ग्रिल आहे, १२० मागतायत. चाकं गंजलीत, बाकी झाकण जड आहे. घेऊ?

जुना_जर्सीकर
जुना अजिबात नको. ८०० मध्ये जेनेसिस नाही जमलं तर वेबरचाच स्वस्तातला स्पिरिट बघा, पण नवा.

मोहरी
जुना नको. दुसऱ्याच्या चरबीचे थर कोण खरवडणार?

बे_एरियातली_बे
माझ्या बहिणीने असाच घेतला होता, बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलेलं. गॅस पुढे जाईना, नॉबमागे पेट घेतला. नको म्हणजे नको.

पाना_पक्कड
कोळ्यांचं खरं आहे, नव्यातही करतात. तरी मीही नवाच म्हणेन. घेतलाच तर नळ्या काढून ब्रश घाला, साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासा, बुडबुडे आले की बंद. आणि तारांचा ब्रश जाळीवर वापरू नका, सुटलेली तार खाण्यातून घशात अडकल्याच्या केसेस झाल्या आहेत. अर्धा कांदा काट्याला लावून तापल्या जाळीवर घासा.

उगाच_एक
आजींचा आहे म्हणजे 'ती' असणार.

गवती_चहा
घेतला. १२० चे आजोबांनी १०० केले आणि झाकायचं कव्हर फुकट दिलं. बर्नर नवे मागवले, ६५ डॉलर. एका शनिवारी मी आणि मुलीने जुन्या नळ्या काढल्या. खरंच कोळी होता, एक नव्हे, दोन. जोड तपासले, बुडबुडे नाहीत.

परवा पहिलं वांगं. टोचे मारून, तेल लावून, झाकण बंद, दर पाच मिनिटांनी फिरवत साधारण पंचवीस मिनिटं. साल अख्खं सुटलं. सासूबाई म्हणाल्या, "धूर कमी पडला." मग एका वाटीत पेटता कोळसा ठेवून तुपाचा धुंगार दिला (@निखारा, झालं समाधान?). त्यावर काही बोलल्या नाहीत, दुसरी भाकरी मागून घेतली.

निखारा
शेवटी कोळसाच लागला ना!

सिंहगड_रोड
सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. मला ग्रुपमधून काढलंय.

नवा_गडी_७
धागा आत्ताच पाहिला, सगळा वाचला नाही. वेबर घ्या, डोळे झाकून. बजेट किती आहे?