लहान कारखान्यात गुणवत्ता सुधारणेची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
आमच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुमारे ६० कामगार आहेत. गुणवत्तेसाठी स्वतंत्र विभाग नसल्याने तपासणीही उत्पादनाचे सुपरवायझरच करतात. ग्राहकाच्या आग्रहामुळे आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र घ्यायचे आहे. त्याच वेळी सिक्स सिग्मा (आकडेवारीच्या आधारे दोष कमी करण्याची पद्धत), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) आणि कायझेन (सतत छोट्या सुधारणा करत राहणे) हेही सुरू करावे, असा सल्ला मिळाला आहे. रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या भागांचे प्रमाण, खरोखर कमी व्हावे, ही माझी इच्छा आहे. आधी काय करावे?

उत्तर १:
सर्व एकदम सुरू करू नये. सिक्स सिग्मा १९८६ मध्ये मोटोरोलात आकाराला आली. दहा लाख संधींमागे ३.४ दोष या तिच्या लक्ष्याचा पडताळा घ्यायलाच प्रचंड उत्पादनसंख्या लागते. त्याऐवजी महिनाभर प्रत्येक नाकारलेल्या भागाचा दोषप्रकार, यंत्र, शिफ्ट आणि कच्च्या मालाचा लॉट नोंदवा व त्यावरून पॅरेटो आलेख (दोषप्रकार संख्येनुसार उतरत्या क्रमाने दाखवणारा आलेख) काढा. बहुतेक वेळा एकदोन दोषांतच मोठा वाटा सापडतो. तेवढेच हाती घ्या. त्याआधी गेज (मापनाची साधने) कॅलिब्रेट केलेले, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहिलेले, आहेत ना, हे पाहा, कारण मापच चुकीचे असेल तर नोंदी निरुपयोगी ठरतात.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, मात्र ग्राहकाने मुदत दिली असेल तर प्रमाणपत्र लांबवता येणार नाही. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिकेची (कंपनीची गुणवत्ता व्यवस्था लिहून ठेवणारा दस्तऐवज) सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे दुसऱ्याची जाडजूड पुस्तिका उतरवून काढण्यात वेळ घालवू नये. दोषांची हीच नोंदवही आणि त्यावरील सुधारात्मक कारवाई लेखापरीक्षकाला पुरावा म्हणून दाखवता येते.

उत्तर ३:
नोंद खरी हवी असेल, तर दोषाबद्दल कामगाराला दंड करणे आधी थांबवावे लागेल. गुणवत्ता नियंत्रणाचे अभ्यासक शेवार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख (प्रक्रियेतील नेहमीचा चढउतार आणि वेगळा बिघाड ओळखू देणारा आलेख) मांडला आणि त्यांचेच विचार पुढे नेणारे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी आग्रहाने सांगितले, की बहुतांश दोष पद्धतीतूनच उद्भवतात आणि पद्धत बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो. झिजलेले टूल केव्हा बदलायचे हे ठरवलेलेच नसेल, तर भोकाचे माप सरकल्याचा दोष ऑपरेटरवर ढकलणे अन्यायाचे आहे, आणि अशा ठिकाणी पुढचा खराब भाग कोणीही नोंदवणार नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दंड बंद केल्यावर आकडे वाढले, तर मालकांना काय सांगावे?

उत्तर ३:
पहिल्या काही आठवड्यांत ते वाढतीलच, कारण आतापर्यंत लपवलेले भाग नोंदीत येऊ लागतील. हे मालकांना सुरुवातीलाच सांगा आणि दर आठवड्याच्या आढाव्याला त्यांना स्वतः बसवा.