मन न लागणारी नोकरी सोडली आणि काम सापडलं : तुमचे अनुभव लिहा

वसुधा_सातारा

काल भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, रविवारी दुपारची भांडी घासतानाच पोटात गोळा येतो गं, उद्या ऑफिस म्हणून." तिला धीर दिला खरा, पण मला रात्रभर माझी बँक आठवत राहिली.

मी एका खाजगी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप मॅनेजर होते. सकाळी शटर अर्धं वर असतानाच उभ्याउभ्या मीटिंग व्हायची. प्रत्येकाने त्या दिवशी किती पॉलिसी काढणार तो आकडा मोठ्याने बोलायचा. सगळा डोळा एफडीचं नूतनीकरण करायला येणाऱ्या निवृत्त लोकांवर. एफडीपेक्षा हे चांगलं म्हणून विम्याची पॉलिसी गळ्यात मारायची आणि हप्ता दरवर्षी भरावा लागतो हे ओझरतं सांगायचं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका पुढच्या हप्त्याची नोटीस घेऊन आले. "बाई, मी एकदाच भरायचे म्हणून दिले होते. मुलीच्या बाळंतपणाला ठेवले होते हो." पॉलिसी विकणारा मुलगा बदलून गेला होता, समोर मी बसले होते. त्यांचे पैसे परत मिळवून द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. त्या महिन्यातच राजीनामा दिला.

आता मी बचत गटांचे हिशोब तपासते, वह्या लिहायला शिकवते. पगार निम्म्याहून खाली आला. पण परवाच्या बैठकीत काय झालं सांगते. रोकड वही आणि पेटीतले पैसे जुळेनात, पन्नास रुपये कमी. मी बेरजा तपासतेय, सचिव घामाघूम. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मागल्या बैठकीला दोघी नव्हत्या, त्यांचा दंड लिवलाय, पर घेतला न्हाई." वही उलटून बघितली तर तसंच! आजींना वाचता येत नाही, पण गटातल्या प्रत्येकीकडे किती कर्ज बाकी आहे ते तोंडपाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पंचसूत्री मी कागदावरून शिकवते, त्या ती जगतात.

काम तसं तेच आहे, पैसा, व्याज, नोंदी. फरक एवढाच की जिचा पैसा आहे ती माझ्या वहीत डोकं घालून बसलेली असते.

तुम्ही लिहा. भाचीला वाचायला देणार आहे.

रेवा

कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की लिहिते. पोटात गोळा अगदी अगदी!

खिडकीजवळचा

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. तो संपेपर्यंत रोज वाटायचं की मागे घ्यावा राजीनामा. घरचे पण तेच म्हणत होते.

हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टला होतो. रात्री अडीचला पी-वन (सगळ्यात तातडीचा बिघाड) आला की कॉलवर वीस माणसं आणि मी. प्रॉब्लेम सुटला की तिकीट बंद, तो कुणाचा होता, त्याचं काय अडलं होतं, काहीच कळायचं नाही. बीएड केलं. माझं मन लहान वर्गांवर होतं, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि बीएडवाल्यांना पहिली ते पाचवी बंद झाली. मग टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) हे सगळं सहावी ते आठवीसाठी. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. शिक्षणसेवक म्हणून १६,००० मानधन. बायकोची नोकरी आहे म्हणून निभतं, हे आधीच सांगतो, नाहीतर भाची माझ्या नावाने बोटं मोडेल.

गेल्या आठवड्यात खिडकीच्या गजाला दोरी बांधून खाली दगड लावला. दोरी बरोबर पंचवीस सेंटीमीटर. मुलांनी झोके मोजले, साधारण सेकंदाला एक. मग म्हटलं, आता जड दगड लावू, काय होईल? सगळा वर्ग म्हणाला जोरात जाणार. लावला, मोजला, तेवढाच! सातवीतला एक जण ऐकायलाच तयार नाही. मधल्या सुट्टीत त्याने डबा खाल्ला नाही, लहान-मोठे पाच दगड लावून बघितले. मग येऊन म्हणाला, "सर, दोरी लांब केली की मंद होतंय. दगडाचा काय संबंधच न्हाई." मला त्या दिवशी घरी जाताना गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

रेवा

खिडकीजवळचा, त्या मुलाला माझ्याकडून एक शाबासकी द्या. शिट्ट्या झाल्या पण आता नवऱ्याची मीटिंग संपली, जेवायला वाढते.

तासगावकर

उलटी गोष्ट चालते का इथं?

मी नोकरी सोडून द्राक्षबाग केली. आमच्यात सगळे म्हणायचे, स्वतःच्या मालकीचं ते खरं समाधान. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, सगळं अंगावर घेतलं. बाग फुलोऱ्यात असताना ऐन वेळी पाऊस लागला की डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकुज. पहाटे तीनला उठून ट्रॅक्टरवर फवारणी, पाऊस उघडला की परत फवारणी. औषधाच्या दुकानाची उधारी वाढत गेली. ज्यांना जमतं ते देवमाणूस, माझे थोरले बंधू अजून करतात आणि चांगली करतात. मला झोप लागायची बंद झाली.

परत कारखान्यात गेलो, साखर कारखाना. लॅबला केमिस्ट. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घटक), पोल (त्यातली साखर), प्युरिटी (शुद्धता) काढायची. आधी कंटाळायचो याच कामाला! पण यावेळी पॅनवरच्या (पाक आटवून साखरेचा दाणा पाडतात त्या भांड्यावरच्या) जुन्या माणसांजवळ उभं राहायला लागलो. पॅनमन प्रूफ स्टिकने पॅनमधून नमुना काढतात, काचेच्या पट्टीवर पसरतात आणि दिव्यासमोर धरून दाणा बघतात. बारीक खोटा दाणा आला असेल तर लगेच कळतं, मग थोडं पाणी सोडून तो विरघळवायचा. आमचे पॅनमन मामा बोटांत चोळून सांगायचे, अजून अर्धा तास. मी लॅबमध्ये जाऊन तपासायचो, मामा बरोबर. आता सीझनमध्ये लॅबपेक्षा पॅनवरच जास्त असतो. तीन पाळ्यांत काम, पगार ठरलेला, रात्री झोप लागते. नोकरी सोडून नोकरीतच समाधान मिळालं, असं पण असतंय.

वसुधा_सातारा

तासगावकर, चालतं काय, हवंच आहे! भाचीचा नवरा परवा म्हणत होता गावी जाऊन शेती करू. त्यालाही वाचायला देते.

पेन्शनवाले_काका

भावनेच्या भरात राजीनामा देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मी आयुष्यभर एचआरच्या बाजूला बसलो आहे, कळकळीने सांगतो.

पीएफ काढू नका. नवीन ठिकाणी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, तिकडे ट्रान्सफर करून घ्या. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर करपात्र होतो. आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात, ट्रान्सफर केला तर जुनी नोकरी त्यात धरली जाते. दुसरं ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की मिळते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला पंधरा भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. कित्येक मुलं दोन-तीन महिने आधी सोडून जातात आणि हातची रक्कम घालवतात. इतकं वाईट वाटायचं मला. थांबता येत असेल तर थांबा रे.

निशा_डबेवाली

काका हे आधी कुठे होतात तुम्ही!! मी काढून बसले सगळा पीएफ, गॅस शेगडी आणि फ्रिज त्यातूनच घेतला. अर्थात तो फ्रिज अजून चालतोय.

माझं पोळीभाजी केंद्र. आधी कॉल सेंटर, रात्रीची पाळी, अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि हसून 'आय अंडरस्टँड' म्हणायचं. पहाटे कॅब सोडायची तेव्हा दूधवाले निघालेले असायचे. मी केंद्र काढलं तेव्हा अन्नपरवाना म्हणजे एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपयांत व्हायचं, १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला. लोक उगाच घाबरतात. हॉस्टेलची मुलं येतात, एकाने परवा डब्यात चिठ्ठी परत पाठवली, 'मावशी आज आमटी घरच्यासारखी'. बाकी नंतर, कणीक मळायचीय.

रेवा

निशा, आमटीत काय घालतेस? आमची चिंच-गुळाची असते, गोडा मसाला सासूबाईंकडचा.

निशा_डबेवाली

आमसूल. आणि फोडणीत मेथीचे चारच दाणे. मसाला आईचा, मी नुसता भाजते.

श्टुटगार्टची_मेधा

ट्राममध्ये आहे, टायपो माफ करा.

इकडे गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. पगार उत्तम, सहकारी चांगले, तक्रार करायला जागा नाही आणि तरी संध्याकाळी रिकामं रिकामं वाटायचं. आईला फोनवर सांगायला काही नसायचं. मुलाला किटामध्ये (पाळणाघर + बालवाडी म्हणा) सोडायला जायचे तेव्हा तिथून पाय निघायचा नाही. शेवटी त्याचंच शिक्षण घेतलं, एर्झीहेरिन (किटातली शिक्षिका) झाले. इंजिनिअरिंगची डिग्री इथे कामाची नव्हती, आधी जर्मन पक्कं करावं लागलं, मग शिक्षण, मग प्रत्यक्ष काम.

नवं मूल आलं की आइनगेव्योनुंग करतात, म्हणजे रुळवणं. पहिले काही दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात. मग दाराबाहेर थोडा वेळ, मग जरा जास्त. घाई अजिबात नाही. युक्रेनहून आलेली एक मुलगी, भाषा येत नाही, आई दाराबाहेर गेली की ओठ आवळून उभी. रडायची पण नाही, तेच जास्त काळजीचं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून ठोकळे रचत राहायचे, काही बोलायचे नाही. एक दिवस तिने माझ्या मनोऱ्यावर एक ठोकळा ठेवला. मग दुसरा. त्या दिवशी आईला फोनवर अर्धा तास सांगत होते, आईने भाजी करपवली.

स्टॉप आला

परळचा_दिगंबर

आपण सगळे नोकरी सोडण्याबद्दल बोलतोय. आमच्या वडिलांना नोकरीने सोडलं.

१८ जानेवारी १९८२ चा संप. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. वडील साचेखात्यात (मागावर कापड विणतात तिथे) होते. चार साचे एकटे बघायचे. आवाज इतका की घरी पण मोठ्याने बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. साच्याच्या आवाजावरून धागा तुटलेला ओळखायचे. गिरणी परत नीट सुरू झालीच नाही. मग एका सोसायटीत वॉचमन. काम सोपं, बसून राहायचं, पण खुर्चीवर बसलेले वडील मला अजून बघवत नाहीत. कापडाच्या दुकानात गेले की ताग्याचा काठ बोटांनी चाचपायचे आणि सांगायचे, हे ढिलं विणलंय.

विषय जरा बाजूला गेला असेल. पण मन न लागणारी नोकरी म्हटलं की मला ती खुर्ची दिसते. ज्यांना सोडायची मुभा आहे त्यांनी सोडावी असं फार वाटतं.

वसुधा_सातारा

दिगंबरदादा, अजिबात बाजूला गेलेला नाही. वडिलांबद्दल अजून लिहा, वेगळा धागा काढा हवा तर.

खिडकीजवळचा

+१. माझे आजोबा पण गिरणीत, त्रासनखात्यात (सूत कातायच्या खात्यात). गावी परतले ते कायमचे.

अनामिका_०७

मी अजून सोडलेली नाही. होम लोन, आणि आईची औषधं. सगळं वाचतेय फक्त.

सिस्टर_सुजाता

अनामिका, मी पण हॉस्पिटल सोडलं नाही. विभाग बदलून मागितला. आयसीयूत होते, पेशंट यायचा, बेशुद्ध असायचा, बरा झाला की वॉर्डात जायचा, आम्हाला ओळखायचा पण नाही. गेला तर नातेवाईकांचा आक्रोश तेवढा आपल्या वाट्याला. आतून सुकले होते. डायलिसिसला बदली मागितली तर सगळ्या म्हणाल्या वेडी आहेस, तिथे तेच ते.

तेच ते आहे, म्हणूनच मला आवडतं. तीच माणसं आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. सुई लावण्याआधी फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर) बोटं ठेवायची, आत बारीक थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. ती लागली की मी म्हणते, "मशीन चालू आहे तुमचं." वजन घेतलं की लगेच कळतं कुणी पाणी जास्त प्यायलं. एक सर आहेत, कलिंगड खाल्लं की वजनकाट्यावर चढायच्या आधीच माझ्याकडे बघून मान खाली घालतात. कुणाच्या नातवाचा दहावीचा निकाल, कुणाचं घराचं रंगकाम, सगळं माहीत असतं. पगार तेवढाच, हॉस्पिटल तेच. आत फिरून बघ एकदा कुठे जागा आहे का, सोडावीच लागते असं नाही.

अनामिका_०७

सिस्टर, खरंच थँक्यू. आमच्याकडे ट्रेनिंग विभागात जागा आहे, विचारायची हिंमत करत नव्हते. सोमवारी विचारते.

तासगावकर

विचारा बिनधास्त. नाही म्हणाले तर आहे तिथंच आहोत.

निशा_डबेवाली

पन्नास पोळ्या झाल्या. काका, एक राहिलं, नोकरी सोडली की कंपनीचा मेडिक्लेम पण जातो ना? माझ्या बहिणीचं चाललंय सोडायचं, तिला थायरॉइड आहे.

पेन्शनवाले_काका

हो, शेवटच्या दिवसानंतर गटविमा संपतो. बहिणीला सांगा, स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेव. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा. फॉर्ममध्ये थायरॉइड लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी नाकारतात. आणि त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन जुना काळ धरता येतो का तेही विचारा, मात्र राजीनाम्याच्या आधी विचारा, नंतर धावपळ होते.

रेवा

आता बसले लिहायला तर मुलगी म्हणतेय प्रकल्पाला थर्मोकोल हवंय, आत्ता. उद्या नक्की. माझी गोष्ट शिवणयंत्राची आहे.