नाताळच्या आठवड्यात ओर्लांडोचं डिस्नी वर्ल्ड: माझं मत, टाळा

पारसिक_हिल

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलं ८ आणि ५ वर्षांची. गेल्या वर्षी सासू-सासरे पुण्याहून आले होते म्हणून २६ ते ३० डिसेंबर सगळे सहा जण डिस्नी वर्ल्डला गेलो. यंदा डॅलसची मेहुणी म्हणतेय की आपण दोन्ही घरं मिळून त्याच आठवड्यात जाऊ, आणि मी नाही म्हटलं तर घरात वातावरण तापलंय. म्हणून इथे विचारतोय, पण आधी माझं मत सांगतो.

डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कात सकाळी आठला आत, रात्री साडेनऊला बाहेर, राइड झाल्या पाच. त्यातली एक कॅरोसेल. धाकटीला बौनांच्या गाडीत (सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन नावाची राइड) बसायचं होतं, ३८ इंचांची अट ती पार करते म्हणून महिनाभर दारामागे उंची मोजत होती, आणि तिथे पोचलो तर रांग बघून सासरे म्हणाले मी बाकावर बसतो तुम्ही जा, मग सासूबाई पण थांबल्या, मग बायको त्यांच्यासोबत थांबली, म्हणजे कुटुंब म्हणून गेलो आणि दिवसभर तीन ठिकाणी विखुरलेलो. पार्कचा यात काही दोष नाही, तारखा आम्ही निवडल्या. त्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या घरात जातं, मुलांचं जेमतेम थोडं कमी, आणि दहा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण मोठ्याचं.

माझं म्हणणं सरळ आहे. सजावट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, हॅलोविन उरकलं की लागते. तेच झाड, तेच दिवे, तीच गाणी. मग थँक्सगिव्हिंगनंतरचे दोन आठवडे सोडून लोक २५ च्या आसपासच का मरमर करतात? पोरांची चार दिवस शाळा बुडली तर बुडू दे.

निशिगंध_

अजिबात पटलं नाही. तुम्ही फक्त राइड मोजताय.

आमच्या गल्लीत २४ तारखेला दुपारपासून एकही गाडी दिसत नाही, सगळे शेजारी आपापल्या आईवडिलांकडे गेलेले, दुकानं बंद, ऑफिस बंद, पाच वाजता अंधार, बाहेर बर्फ नाही नुसता चिखल. आपलं इथे कोणी नाही. मुलगा चौथीत असताना त्याने विचारलं होतं की आपल्याकडे कोण येणार, त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फ्लोरिडाला गेलो आणि आता तिसरी खेप आहे. मला ती गर्दी हवी असते. गणपतीत आपण लालबागला सात-आठ तास रांगेत उभे राहतोच ना? तेव्हा कोणी म्हणत नाही की अनंत चतुर्दशीनंतर या, मंडप मोकळा असतो.

आणि तुमची एक माहिती अर्धी आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला मॅजिक किंगडममधली नाताळची मिरवणूक आणि नाताळची आतषबाजी साध्या तिकिटात नसते, ती रात्रीच्या ख्रिसमस पार्टीसाठी राखलेली, आणि पार्टीचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना सहा वाजता बाहेर काढतात. पार्ट्या साधारण २१-२२ ला संपतात आणि मगच तीच मिरवणूक सगळ्यांसाठी सुरू होते. म्हणजे "तेच सगळं स्वस्तात" असं नाहीये.

पारसिक_हिल

मिरवणुकीचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण लालबागची तुलना नको. तिथे नवस असतो, श्रद्धा असते आणि तिकीट नसतं. इथे सहा जणांचे दिवसाला हजार-अकराशे डॉलर मोजून मुलीला "पुढच्या वेळी" सांगायचं हे मला जड गेलं, अजून जातंय.

उलट पार्टीच्या दिवशी सकाळी जायचं ही युक्ती मला नंतर कळली. सहाला बंद होतं म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात, त्यामुळे दिवसा रांगा लहान.

मास्तरीण

मी मिडवेस्टमध्ये एलिमेंटरीला शिकवते, शिवाय रविवारी मराठी शाळेत. "चार दिवस बुडू दे" हे वाक्य मला दरवर्षी किमान सहा पालकांकडून ऐकू येतं आणि त्यातले निम्मे आपलेच असतात.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे म्हणजे सुट्टी लागायची वाट बघणं नसतं हो. वाचनाच्या पातळ्या तपासतो, त्यावरून जानेवारीतले गट ठरतात, गणिताचं युनिट संपतं, विंटर कॉन्सर्टची तालीम असते. मूल गेलं की त्याची जागा रिकामी राहते, दुसऱ्याला त्याची ओळ म्हणावी लागते. परत आलं की पहिले दोन दिवस ते फक्त बघत बसतं. पहिली-दुसरीत भरून निघतं, मान्य, पण सहावी-सातवीत नाही, आणि हायस्कूलमध्ये तर त्याच सुमारास फायनल्स. आणि आपणच घरी सांगतो ना की शाळा पहिली? मग स्वस्त तिकिटासाठी ती दुसरी कशी होते हे आठ वर्षांचं मूल विचारणारच.

जायचं तर सुट्टीत जा आणि गर्दी सोसा. नाहीतर जाऊ नका, हेही चालतं.

ताम्हण८३

मॅडम, सगळ्यांना सुट्टी निवडता येत नाही. माझी कंपनी २४ ते १ बंद असते, ते दिवस माझ्या रजेतूनच कापतात. उरलेली रजा भारतात जायला ठेवतो. मग डिसेंबरच्या ५ तारखेला मी कुठून जाणार? हा वाद ज्यांच्याकडे पर्याय आहे त्यांचा आहे.

फ्लोरिडाकर

ओर्लांडोजवळ १४ वर्षं राहतोय, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन गेलोय, सगळ्या महिन्यांत. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय असं वाटतं.

२६ ते ३१ ही वर्षातली सगळ्यात गच्च वेळ, यात वादच नाही. पण पारसिकदादा, पाच राइड होण्याचं कारण नुसती गर्दी नाही, आठला आत शिरणं पण आहे. डिस्नीच्या हॉटेलात राहिलात तर अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास त्या आठवड्यात सोन्यासारखा. पूर्वी लांब रांग टाळायचा फास्टपास फुकट होता, तो २०२१ मध्ये गेला, आता लाइटनिंग लेन पैसे देऊन घ्यावी लागते. हॉटेलवाले सात दिवस आधी बुक करू शकतात आणि बाहेरचे तीन दिवस आधी, म्हणजे बाहेरच्यांना नाताळात बौनांच्या गाडीसारखी राइड मनासारख्या वेळेला मिळणं कठीण. मला ही पद्धत आवडत नाही, पैसेवाल्याची रांग वेगळी हे मुलांना समजावताना मलाच वाईट वाटतं. पण ती आहे हे धरून चालावं लागतं.

आम्ही काय करतो ते सांगतो. गेट उघडायच्या पाऊण तास आधी हजर, साडेअकरापर्यंत मोठ्या राइड, मग सरळ हॉटेलवर जाऊन झोप आणि पाचला परत. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काच आणि दारू नको बस, त्यामुळे दशम्या, चटणी, गूळपोळी सगळं जातं, आणि काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात. लहान मूल असेल तर रायडर स्विच मागा, एक जण राइडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग पहिला आला की दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. आणि कपडे! फ्लोरिडा म्हणून लोक हाफ पँटवर येतात. डिसेंबरात दुपारी २२-२३ अंश असतं पण थंडीची लाट आली की सकाळी पाच-सहावर येतं आणि मग आज्ज्या तिथलेच महागडे स्वेटशर्ट घालून फिरताना दिसतात.

जानेवारीत जाऊ म्हणणाऱ्यांनी पण बघून घ्या, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मॅरेथॉन असते, धावणारे कुटुंबासकट येतात, आणि सजावट उतरायला लागलेली असते.

सह्यकडा

मला मुळात प्रश्नच कळत नाही. आपला सण नाही, आपली दिवाळी इथे साध्या बुधवारी ऑफिसात जाते, तिच्यासाठी कोणी एक सुट्टी टाकत नाही आणि नाताळावर पाच-सहा हजार डॉलर. लहानपणी गोराईच्या बोटीतून एस्सेलवर्ल्डला एकदा गेलो तेवढ्यात दहा वर्षं आनंद पुरला.

वसईची_मी

"आपला सण नाही" मधला आपला म्हणजे कोणाचा? मी नंदाखालजवळची, घरात मराठी, शाळा मराठी, चर्चमधली मिस्सा मराठी. आमच्या गावात आगमनकाळ सुरू झाला की येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधायची गडबड सुरू होते, मुलं गवत, माती गोळा करतात, मध्यरात्रीच्या मिस्साला आख्खं गाव नवीन कपड्यात. नाताळ मराठी माणसाचाही सण आहे, कृपा करून असं सरसकट लिहू नका.

आता पार्काविषयी. मी टेक्सासला आल्यावर पहिल्याच वर्षी नवरा म्हणाला २५ ला डिस्नीत असू. मी नाही म्हटलं. मला त्या दिवशी चर्च आणि घर पाहिजे. मिकीच्या डोक्यावर लाल टोपी घातली की नाताळ होत नाही, माझ्यासाठी तरी नाही. निशिगंधताई, तुमचं एकटेपण मला समजतं, पहिल्या वर्षी मी पण रडले होते, पण जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसला असतात तर कोणी तुम्हाला तुमचा धर्म विचारला नसता.

तरी २८ ला गेलोच, आणि एक गोष्ट मनापासून सांगते. डिस्नी वर्ल्डच्याच एपकॉट पार्कात कँडललाइट प्रोसेशनल नावाचा कार्यक्रम असतो. खूप मोठा गायकवृंद, हातात मेणबत्त्या, वाद्यवृंद, आणि एखादी प्रसिद्ध व्यक्ती बायबलमधली येशूजन्माची कथा वाचते. वॉल्ट डिस्नीने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेला, पुढे इकडे आला. एपकॉटच्या साध्या तिकिटातच असतो, रांग मात्र लवकर लावायची. मला वाटलं होतं करमणूक असेल. गव्हाणीचा भाग आला आणि मला आमचा गावचा गोठा आठवला, पप्पा त्यात बल्ब लावायचे तो. शेजारी बसलेली अनोळखी बाई पण डोळे पुसत होती. तेवढ्या चाळीस मिनिटांसाठी मी त्या आठवड्यात परत जाईन. राइडसाठी जाणार नाही.

सह्यकडा

तुमचं बरोबर आहे. शब्द चुकला माझा, माफ करा. पैशाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

दोन_घडीचा

मी २००९ ला आई-बाबांना घेऊन गेलो होतो, तेव्हा तिथल्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कात ऑस्बॉर्नचे दिवे असायचे. आर्कान्सातल्या जेनिंग्ज ऑस्बॉर्न नावाच्या माणसाने मुलीच्या हट्टापायी घरावर दिवे लावायला सुरुवात केली, ते इतके वाढले की ट्रॅफिकला कंटाळून शेजारी कोर्टात गेले, आणि १९९५ पासून ते दिवे डिस्नीत आले. आख्खा रस्ता दोन्ही बाजूंनी लखलख, गाण्यावर नाचणारे दिवे, वरून साबणाच्या फेसाचा बर्फ. माझे बाबा एमएसईबीत होते. ते अर्धा तास तिथेच उभे, लोड किती असेल, फेज कसे वाटले असतील, ट्रान्सफॉर्मर कुठे लपवलाय. राइड एकही केली नाही त्यांनी. नंतर नागपूरला प्रत्येक पाहुण्याला तो रस्ता सांगायचे.

२०१६ च्या जानेवारीत ते दिवे कायमचे बंद झाले, बाबा २०१४ ला गेले. माझी तेव्हा नाताळच्या आठवड्यात रजा होती म्हणून गेलो, गर्दी बघून पुढे ढकललं असतं तर राहिलंच असतं. पारसिक, सासऱ्यांचा व्हिसा आणि गुडघे दोन्ही चालू आहेत ना, मग जा.

अबोली_आजी

मी स्वतः आजी आहे, ६९ पूर्ण, तेव्हा आमच्या बाजूने सांगते. आम्हाला रांगेत उभं करू नका आणि बाकावर एकटंही सोडू नका. २०२३ ला लेकीने छान तोड काढली. पाच दिवसांत माझं तिकीट दोनच दिवसांचं काढलं. उरलेल्या दिवशी मी आणि जावयांच्या आई मोनोरेलने हॉटेलं बघत हिंडलो, मोनोरेलला पैसे नाहीत. ग्रँड फ्लोरिडियनच्या लॉबीत खऱ्या जिंजरब्रेडचं माणूस आत उभा राहील एवढं घर होतं, लांबूनच वास येतो. डिस्नी स्प्रिंग्ज म्हणून दुकानांचा भाग आहे, तिथे वेगवेगळ्या थीमची झाडं सजवलेली, तिथेही आत जायला तिकीट नाही. एक दिवस ॲनिमल किंगडम या प्राण्यांच्या पार्काच्या लॉजमध्ये सना म्हणून हॉटेल आहे तिथे जेवलो, नान आणि पाच-सहा चटण्या-रायती, खिडकीतून जिराफ! मला पार्कापेक्षा तो दिवस जास्त आठवतो.

व्हीलचेअर पण भाड्याने मिळते. लाज वाटून घेऊ नये, मी घेतली. सुनांनो-मुलांनो, तुम्ही सुचवायची वाट बघत असतो आम्ही, स्वतःहून मागवत नाही.

पारसिक_हिल

आजी, हे वाचून बायकोला दाखवलं. सासूबाईंना व्हीलचेअर आम्ही विचारलीच नव्हती, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

माझं मत अजून तेच, २६ ते ३० ला मी परत जाणार नाही. पण मास्तरीणबाईंचं पण डोक्यात बसलंय, मोठा यंदा तिसरीत आहे. फ्लोरिडाकर, आमच्याकडे शाळा सुटते त्या शुक्रवारी संध्याकाळचं विमान धरलं आणि शनिवार ते मंगळवार करून २४ च्या आत परत आलो तर?

फ्लोरिडाकर

चांगलं आहे. शनिवार-रविवार एपकॉट आणि ॲनिमल किंगडम करा, मॅजिक किंगडम सोमवारी ठेवा, मंगळवारी सकाळी बौनांच्या गाडीसाठी पुन्हा गेट उघडताना हजर राहा. गर्दी असेलच, पण २६ नंतरच्या मानाने बरी. मिरवणूक कुठल्या तारखेपासून सगळ्यांसाठी आहे ते वेळापत्रक बघून मगच विमान ठरवा.

निशिगंध_

म्हणजे २५ ला तुम्ही घरी. आमच्याकडे या मग, आम्ही यंदा जर्सीतच आहोत, माझ्या मुलाला कोणीतरी यायला हवंच आहे.

मास्तरीण

शुक्रवार शेवटच्या घंटेपर्यंत भरू द्या हं. लंचनंतर न्यायला येऊ नका, त्या दिवशी आम्ही मुलांना त्यांच्या चित्रांच्या फाइली देतो.