लिल जॉन: कारागीर, की नुसता आरडाओरडा?

तिरपागडा
काल भाच्याशी वाजलं. विषय लिल जॉन. मी म्हणालो, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पार्टी-रॅपमधला हा सगळ्यात हुशार कारागीर. त्यावर तो म्हणतो, "मामा, तीन शब्द ओरडतो तो. येऽऽ, व्हॉट, ओकेऽऽ. याला करिअर म्हणायचं?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून धागा.

ओरडणं सगळ्यांना ऐकू येतं, त्याआधीची वर्षं कोणी बघत नाही. अटलांटाचा जोनाथन स्मिथ, म्हणजेच लिल जॉन, आधी क्लबमधला डीजे. मग १९९३ ते २००० जर्मेन डुप्रीच्या 'सो सो डेफ' कंपनीत नोकरी: नवे गायक हेरायचे, गाणी जमवायची. म्हणजे कुठल्या गाण्याला माणसं नाचायला उठतात आणि कुठल्याला बारकडे वळतात, हे त्याने आधी बूथमधून पाहिलं. ईस्ट साइड बॉइझ या त्याच्या गटाबरोबरचा पहिला अल्बम १९९७ चा. 'गेट लो' २००३ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. २००४ मध्ये गायक अशरचं 'येऽ' बारा आठवडे पहिलं, आणि त्याच वर्षी गायिका सियाराचं 'गुडीज'ही पहिलं. दोन्हींचा निर्माता हाच. 'गुडीज'मध्ये सियारा जवळजवळ कुजबुजते. आरडाओरडा एवढंच भांडवल असतं तर हे गाणं झालंच नसतं.

निशाचर
भाचा बरोबर आहे. क्रंक, म्हणजे घोषणा आणि जोरदार ठेक्याचा हा क्लब-रॅप, याचं श्रेय जॉनला देणं म्हणजे दळण एकाचं आणि पोळ्या दुसऱ्याच्या नावावर. दळण मेम्फिसचं. तिथल्या थ्री सिक्स माफिया या रॅप गटाचं 'टेअर द क्लब अप' नव्वदीच्या मध्यातलं आहे, जॉनच्या पहिल्या अल्बमच्या आधीचं. याने तो माल घेतला, चकचकीत केला आणि रेडिओला विकला. 'क्रंकचा राजा' ही पदवीसुद्धा स्वतःच घेतलेली, अल्बमचं नावच 'किंग्ज ऑफ क्रंक'!

तिरपागडा
मेम्फिसचं ऋण मान्य. पण तो आवाज काळोखा होता, भुताच्या सिनेमासारखा. जॉनने त्यावर क्लबचा कीबोर्ड चढवला, त्याचा मेळ अशरसारख्या गोड गळ्याशी घातला. १९९५ च्या सोर्स या हिप-हॉप पुरस्कारांत अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीला न्यूयॉर्कच्या सभागृहात हुर्यो ऐकावी लागली होती आणि त्यांच्यातल्या आंद्रेने "दक्षिणेलाही काही सांगायचंय" असं सुनावलं होतं. नऊ वर्षांत त्याच दक्षिणेचं गाणं तीन महिने देशात पहिलं. आणि थ्री सिक्स माफियाला २००६ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा त्यांच्यासाठी फार अश्रू नकोत.

अबोली_ग
मी अटलांटाजवळ राहते. तुम्ही दोघं वंशावळ लावत बसलात, शब्दांवर कोणीच बोलत नाही. 'गेट लो'मध्ये बायका म्हणजे खांबाभोवती फिरणारं शरीर, बस. त्यातला एक शब्द इतका घाण आहे की अर्थ सांगणार नाही. रेडिओवाल्यांना तो कळलाच नाही, म्हणून न कापता वाजत राहिला. इथल्या एका लग्नाच्या संगीत कार्यक्रमात हे गाणं लागलं. पैठणी नेसलेल्या मावश्या "टू द विंडोऽऽ" करत खिडकीकडे हात दाखवत होत्या. मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती.

'गुडीज'चं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. ते गाणं रॅपर पीटी पाब्लोच्या 'फ्रीक-अ-लीक'ला उत्तर आहे, मुलगी त्यात ठाम नाही म्हणते. आणि 'फ्रीक-अ-लीक'चा निर्माता कोण? हाच. आधी चावायचं, मग मलम विकायचं.

डीजे_बाळ्या
मी लग्नात वाजवतो, तत्त्वज्ञान येत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये बघा: 'गेट लो' मिनिटाला साधारण १०१ बीट्स (ठोके), 'येऽ' १०५, 'टर्न डाउन फॉर व्हॉट' १००. दहा वर्षांचं अंतर, चाल तीच. या चालीत दमलेला माणूसही नाचतो, म्हणून आम्ही ही गाणी जेवणानंतर ठेवतो.

तिरपागडा, तुमचा एक मुद्दा मात्र इथे लंगडा पडतो. 'टर्न डाउन'ची बीट फ्रान्सच्या डीजे स्नेकची. जॉनचा फक्त आवाज. पण तो आवाज कुठे येतो बघा. तो प्रश्न फेकतो आणि गप्प बसतो, मग बीट कोसळते. ती गप्प राहायची जागा चुकली तर गाणं मेलं. ओरडायला कोणीही ओरडेल हो. 'गणपती बाप्पा' म्हणून थांबणारा नेमका किती थांबतो, त्यावर 'मोरया'चा जोर ठरतो.

निशाचर
बाप्पाला कशाला मध्ये आणता? म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की आता तो फक्त आवाज आहे. २००६ च्या 'स्नॅप यो फिंगर्स'नंतर स्वतःच्या नावावर मोठं गाणं दाखवा. 'क्रंक रॉक' २०१० मध्ये आला नि कोणाला कळलाही नाही. पुढे ट्रम्पच्या टीव्ही स्पर्धेत दोनदा, बाकी व्हेगासला डीजेगिरी.

तिरपागडा
'क्रंक रॉक' इतका लांबला त्यामागे त्याची कंपनी टीव्हीटी होती, जी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि डीजेगिरी ही घसरण कशी? डीजे म्हणूनच तर सुरुवात केली त्याने. हिट गाणं नसतानाही लोक तिकीट काढून येतात, याला मी कमाई म्हणतो. तीन शब्दांचं म्हणाल तर तो विनोदवीर डेव्ह शापेलने टीव्हीवर केलेल्या त्याच्या नकलेचा प्रताप. नक्कल इतकी गाजली की लोक तिलाच मूळ समजू लागले.

अबोली_ग
शब्दांबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे, त्यावर दोघांनीही उत्तर दिलेलं नाही.

पण एक गंमत. २०२४ च्या फेब्रुवारीत हा सुपर बोलमध्ये अशरबरोबर घसा फाडत होता, आणि त्याच महिन्यात याचा ध्यानाचा अल्बम आला, 'टोटल मेडिटेशन'. संगीतकार कबीर सेहगलबरोबर केलेला. काल डोळे मिटून लावला. मऊ आवाजात श्वासाबद्दल सांगतो. बाळ्याने ते थांबण्याचं डोक्यात भरवलंय ना, आता तो जरा थांबला की माझे खांदे ताठ होतात, आला बघ "व्हॉऽऽट!" ध्यान काही लागलं नाही.

डीजे_बाळ्या
लिंक टाका. जेवणाच्या वेळी चालेल का बघतो.