लिहिणाऱ्याला थेरपिस्ट हवा, की नीट ऐकणारं माणूस?

शाईदौत
दोन अंकी नाटकाचा दुसरा अंक दीड वर्ष अडकलाय. झोप उडाली आहे. घरचे म्हणतात, थेरपिस्टकडे जा. माझं मत असं की लिहिणाऱ्याला उपचार नकोत, नीट ऐकणारं एक माणूस हवं. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवी रिल्केपुढे हाच प्रश्न होता. मनोविश्लेषण करून घ्यावं का, यावर त्याचा खल चालला होता. लू आन्द्रेयास-सालोमे या मैत्रिणीनं नको म्हटलं आणि जानेवारी १९१२ मध्ये त्यानं नकार कळवला. आतली भुतं घालवली तर देवदूतही निघून जातील, ही त्याची भीती. त्याच महिन्यात दुइनोच्या किल्ल्यात त्याच्या विलापिका सुरू झाल्या.

ओलीमाती
असहमत. त्या विलापिका पुऱ्या व्हायला फेब्रुवारी १९२२ उजाडला! मध्ये महायुद्ध झालं हे खरं, पण नकार दिला म्हणून कविता आल्या, हे कशावरून?
रशियन संगीतकार रखमानिनॉफचं बघा. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी सपशेल पडली आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं मोठी रचना हातून होईना. १९०० मध्ये तो डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे जाऊ लागला. संमोहन आणि बोलणं, एवढाच उपचार. १९०१ मध्ये दुसरा पियानो कंचेर्तो पूर्ण झाला. अर्पण केलाय दाल यांनाच.

शाईदौत
दाल स्वतः हौशी वादक होते, संगीतावर त्याच्याशी बोलायचे. म्हणजे त्याला जाणकार श्रोताच मिळाला की. मी एका समुपदेशकाकडे बाराशे रुपये मोजून गेलो होतो. नाटकाचं सांगायला लागलो तर म्हणाले, काही दिवस लिखाण बंद ठेवा. परत गेलो नाही.

ओलीमाती
मग दुसरा शोधा. पहिल्याच भेटीत सांगा की लिखाण थांबवणार नाही, बाकी सगळं बोलू.

गच्चीवरची
मी ऐकणाऱ्याच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. धाकटा भाऊ चित्रकार. सहा वर्षं रात्री एकला फोन यायचा, "ताई, हे फाडू का?" चित्राबद्दल बोलायला मला मनापासून आवडायचं. मग हळूहळू चित्राचा विषयच निघेनासा झाला, नुसतं "जगून काय करू?" त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला कुठून येणार? फोन वाजला की माझे हात गार पडायचे. शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, मीच फोन लावला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यानंतर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिने त्यानं ब्रश धरला नाही आणि त्याचा सगळा राग माझ्यावर काढला. आता पुन्हा चित्रं काढतो. काही चित्रं मला पूर्वीपेक्षा फिकी वाटतात, खोटं कशाला बोलू? पण आता फोन येतो तो रंगांबद्दल.
शाईदौत, तुमचं ऐकणारं जे कोण आहे, त्याला कधी विचारलंत का?

कोरी_पाटी
ताईंशी शंभर टक्के सहमत. चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉगनं भाऊ थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत. पैसे, रंग, कॅनव्हास, सगळं थिओ पुरवायचा. असा ऐकणारा कुणाला मिळणार? तरी २९ जुलै १८९० ला, थिओ उशाशी असताना, व्हिन्सेंट गेला. थिओ कुठे कमी पडला म्हणून नव्हे. भावानं करायचं ते सगळं त्यानं केलं होतं.

शाईदौत
काल विचारलं. तालमीनंतर टपरीवर बसतो तो मित्र. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दुसऱ्या अंकाचं कितीही ऐकव. झोप लागत नाही, ते मला सांगून काय उपयोग?"
शनिवारची वेळ घेतली आहे, दुसऱ्या एका बाईंकडे. रिल्केबद्दल माझं मत मात्र अजून तेच आहे.