एसएसडी आणि महागड्या यूएसबी केबलने संगणकावरचे गाणे खरोखर सुधारते का?

मूळ मत (मिरज): संगणकातील हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) बसवली आणि डॅकसाठी (डिजिटल आकड्यांचे ध्वनीच्या विद्युत-संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणासाठी) चांगली यूएसबी केबल घेतली, तेव्हापासून ख्यालाच्या ध्वनिमुद्रणांत तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) मला अधिक मोकळी ऐकू येते. आमच्या गावात तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून जवारी कानानेच जुळवली जाते, त्यामुळे कानाची साक्ष सहज मोडीत काढू नये.

प्रतिसाद (विश्रामबाग, सांगली): कानाबद्दल आदर आहे, पण कारण चुकीच्या जागी शोधले जात आहे. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला जेमतेम १७६ किलोबाइट लागतात. ते आधी रॅममध्ये येतात आणि तिथून पुढे जातात, म्हणून ते कोणत्या डिस्कवरून आले हे डॅकला कळण्याचा मार्गच नाही. फ्लॅक या, ध्वनी न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदलेला असतो. दोन्ही डिस्कवरील प्रती त्याच्याशी तपासून पाहाव्यात; दोन्ही जुळल्या, तर ध्वनी एकच आहे. फरक खरा असेल, तर तो खोलीतला असेल: मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तिची घरघर पांढरी सात (पेटीची सातवी पांढरी पट्टी) या पट्टीच्या षड्जाजवळ, म्हणजे नेमकी तानपुऱ्याच्या सुरांत मिसळते.

मूळ लेखक: घरघरीचा मुद्दा मान्य. मात्र यूएसबीवरून ध्वनी पाठवताना चुकलेला भाग पुन्हा मागवला जात नाही, मग केबलचा दर्जा गौण कसा?

प्रतिसाद (विश्रामबाग): पुन्हा मागवला जात नाही हे खरे, पण तशी चूक झाली तर टिकटिक ऐकू येते किंवा आवाज क्षणभर तुटतो, जवारी मोकळी किंवा बंद होत नाही. शिवाय असिंक्रोनस प्रकारचा डॅक संगणकाच्या नव्हे, तर स्वतःच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे वेळेची अचूकता केबलवर अवलंबून नसते.

प्रतिसाद (तासगाव): दोघांनीही विजेकडे दुर्लक्ष केले आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना यूएसबीच्या ग्राउंडमधून ॲम्प्लिफायरपर्यंत ५० हर्ट्झची गुणगुण पोहोचू शकते, आणि ती केबल बदलल्यावर कधी कधी कमी-जास्तही होते. चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही विजेच्या एकाच बोर्डावर लावावेत किंवा ऑप्टिकल जोडणी वापरावी, कारण प्रकाशाच्या तंतूतून ग्राउंड जातच नाही. केबलसाठी मात्र घरातल्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावावे, आवाजाची पातळी तीच ठेवावी आणि १० पैकी किमान ९ वेळा ओळख पटते का ते पाहावे. नुसत्या अंदाजाने तितके जुळण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे, म्हणून तसा निकाल आला, तर केबलने गाणे सुधारत नाही हे माझे मत मी बदलेन.